वजन वाढलेला कॉफीपॉट

चांदीचं भांडं वर्षानुवर्षं वापरलं, घासलं, पुसलं की त्याचं वजन घटतं. किती, ते घासणाऱ्याच्या उत्साहावर. पण ते वाढत मात्र नाही. कुसुममावशीच्या कॉफीपॉटचं वाढलं होतं. बुडावर सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते, २६ आणि १०. भांडं घडवून झालं की त्याचं वजन असं बुडावर कोरून ठेवायची इंग्लंडात पद्धत होती, म्हणजे नोकराने किंवा दुरुस्तीला नेणाऱ्याने हात मारला तर कळावं. २६ ट्रॉय औंस आणि १० पेनीवेट. एक ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, त्याचे वीस भाग म्हणजे पेनीवेट. हिशेब केला तर ८२४ ग्रॅमच्या आसपास. आणि मावशीच्या ओट्यावरच्या, एरवी फक्त रवा-साखर मोजणाऱ्या काट्यावर पॉट भरला ९६२.

मावशी म्हणजे आईची मावसबहीण. काका साठच्या दशकात इकडे आले आणि यॉर्कशायरमधल्या एका खाणगावात आयुष्यभर डॉक्टरकी केली. त्यांच्या एका म्हाताऱ्या पेशंट बाईंनी मृत्युपत्रात हा पॉट काकांच्या नावे ठेवला होता. काका गेले, मावशीला आता जिने चढवत नाहीत, घर आवरून ती मुलीजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये जाणार. मला फोन आला तो सरळ हुकूमच होता: "तू लंडनात त्या इन्शुरन्समध्ये आहेस ना, तुला जुन्या वस्तूंतलं कळत असेल. हा पॉट काय आहे ते बघ आणि विकून टाक. माझ्या मागे त्यावरून कुणी रुसायला नको." इन्शुरन्स आणि जुनी चांदी यांचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. पुढे निघाला, ते वेगळं.

मी जायच्या आधीच तिने गावातल्या एका दुकानात तो दाखवून आणला होता. तिथल्या माणसाने भिंग न लावता, झाकण न उघडता, काट्यावर ठेवून त्या दिवशीचा मोडीचा भाव सांगितला आणि वर "नक्षी आहे, वितळवायला त्रास" म्हणून त्यातही काही कापले. मावशी सदाशिव पेठेतली. पॉट पिशवीत घालून ती बसने घरी आली.

पॉट दिसायला देखणा. पोटाशी फुगीर, गळ्याशी बारीक, पुन्हा तोंडाशी रुंदावलेला, खाली गोल बैठक. अंगभर गुलाब, पानं, वेलबुट्टी उठवलेली. हंसाच्या मानेसारखी वळलेली तोटी, घुमटाकार झाकण, वर गोंडा. कानाला दोन ठिकाणी पिवळट पांढऱ्या चकत्या बसवलेल्या. चांदी उष्णता झटकन खेचते, म्हणून कॉफीपॉटचा कान एक तर लाकडाचा करतात, नाही तर मध्ये असा उष्णता अडवणारा तुकडा घालतात. चाळीस वर्षं मावशी दिवाळीच्या आधी तो रांगोळीने घासत होती. नंतर लिलावघरातल्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी रांगोळी म्हणजे काय ते विचारलं. दगडाची भुकटी, असं सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बुडावरचे छाप भिंगातून वाचायला मला एक अख्खी दुपार लागली, आणि ती मजेत गेली. आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्क आला तो काल-परवा. इंग्लंडात ही व्यवस्था चौदाव्या शतकापासून आहे. चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध, स्टर्लिंग. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनमध्ये कस लावला. एका चौकटीत एक अक्षर म्हणजे साल. लंडनची अक्षरमाला वीस अक्षरांची, ए ते यू, मधला जे गाळून. एक फेरी संपली की अक्षराचा घाट आणि चौकट बदलून पुन्हा ए. मावशीच्या पॉटवर छोट्या लिपीतला के होता. तो १७४५ चा, पण नुसतं १७४५ म्हणून चालत नाही, कारण अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलायचं, म्हणून १७४५-४६. बिबट्याच्या डोक्यावर मुकुट होता, तेही जुळत होतं, कारण १८२१ नंतर लंडनच्या बिबट्याचा मुकुट गेला. राजाच्या मुखवट्याचा छाप नव्हता, आणि तेही बरोबरच, कारण कर भरल्याची ती खूण १७८४ ला सुरू झाली. कारागिराचा छाप मात्र पुसट, दुसरं अक्षर बी की आर कळेना. त्यात रांगोळीचा वाटा असणारच.

म्हणजे भांडं खरं, साल खरं, आणि तरी १३८ ग्रॅम जास्त. सरळ उत्तर एकच: कुणीतरी नंतर काहीतरी जोडलं. काय जोडलं हे ओळखायचं तर त्या काळचे अस्सल कॉफीपॉट डोळ्यांखालून घालायला हवे होते, म्हणून मी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जायला लागलो.

तिथल्या संग्रहात १६८१ च्या छापाचा एक कॉफीपॉट आहे. आजवर ठाऊक असलेल्या इंग्रजी चांदीच्या कॉफीपॉटांत तो सर्वांत जुना मानतात. नक्षी जवळजवळ नाही. सरळ, वर निमुळता होत गेलेला, डोक्यावर शंकूसारखं टोकदार झाकण. त्यावरच्या मजकुराप्रमाणे तो रिचर्ड स्टर्न याने ईस्ट इंडिया कंपनीला भेट दिलेला. मराठी माणसाला १६८१ म्हटलं की संभाजी महाराजांचा राज्याभिषेक आठवतो. मुंबई तेव्हा कंपनीच्या ताब्यात येऊन तेरा वर्षं झाली होती आणि कंपनीची जहाजं येमेनमधल्या मोखा बंदरातून कॉफी उचलत होती. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांपुढे कॉफी कशातून यायची, तर या असल्या भांड्यातून. त्याच संग्रहात १६७० चं, थेट तसंच दिसणारं दुसरं भांडं आहे, लॉर्ड बर्कलीने कंपनीला दिलेलं. ते चहाचं. त्याच्यावर तसं कोरलेलं आहे म्हणूनच, नाही तर कुणीही त्याला कॉफीपॉटच म्हणालं असतं. दोन्ही पेयं नवी, कशासाठी कोणता घाट हे ठरायचं होतं.

हळूहळू घाट ठरत गेले, आणि ते क्रमाने पाहिले की डोळा तयार होतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे पॉट दीपगृहासारखे उंच, साधे. १७३०-४० च्या आसपास बूड आत वळायला लागतं. १७५०-६० मध्ये पेरूसारखं पोट आणि भरपूर नक्षी. १७७० नंतर ग्रीक कलशाची फॅशन, कडेला मण्यांची ओळ. हेस्टर बेटमन या बाईंनी नवऱ्यामागे कारखाना हातात घेऊन १७६१ ला स्वतःचा छाप नोंदवला. त्यांच्या भांड्यांवर ही मण्यांची किनार खूप दिसते. पण घाट कुठलाही असो, एक गोष्ट सगळ्यांत सारखी: तोंड अरुंद. कॉफी गरम राहावी, गाळ खाली बसावा, म्हणून भांडं उंच आणि आवळ. मावशीच्या पॉटमध्ये माझा पंजा मनगटापर्यंत आत जात होता.

ते चांदीचे पॉट बघताना एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. लंडनच्या ज्या कॉफीहाउसांबद्दल आपण वाचतो, तिथे चांदी नव्हती. पास्क्वा रोझे या माणसाने १६५२ मध्ये कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल्स अ‍ॅलीत लंडनमधलं पहिलं कॉफीहाउस काढलं. तो स्मर्न्याहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरहून, आलेल्या एका व्यापाऱ्याचा नोकर. पुढे अशी कॉफीहाउसं गल्लोगल्ली निघाली. शेगडीजवळ भांड्यात कॉफी तापत ठेवलेली, ती बिनकानाच्या वाट्यांतून मिळायची, एक पेनी टाकला की बसा, वर्तमानपत्र वाचा, वाद घाला. राजा दुसऱ्या चार्ल्सला हे वाद नको होते. २९ डिसेंबर १६७५ ला त्याने कॉफीहाउसं बंद करण्याचा जाहीरनामा काढला. १० जानेवारीपासून अंमल होता, पण इतका गदारोळ झाला की अंमल सुरू व्हायच्या आतच तो मागे घ्यावा लागला. एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात जहाजांचा विमा उतरवणारे बसत. त्यातूनच आजचं लॉइड्स, लंडनचा विमाबाजार, जिथे माझी निम्मी कामं असतात; तिथल्या लाल कोटवाल्या कर्मचाऱ्यांना आजही वेटर म्हणतात. म्हणजे मावशीचा इन्शुरन्सचा तर्क अगदीच वाया गेला नव्हता.

पण या कॉफीहाउसांत बायका गिऱ्हाईक म्हणून जवळपास नसतच. मालकीण किंवा वाढणारी म्हणून असत. चांदीचा पॉट आला तो कॉफी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिरली तेव्हा. तिथे ओतायचं काम घरच्या बाईकडे. पुरुषांच्या अड्ड्याचं पेय घरात आलं, त्याला चांदी चढली आणि ते बाईच्या हातात गेलं. म्युझियमच्या कपाटांत फक्त हा दुसरा भाग दिसतो. ती शेगडीवरची काळी पडलेली भांडी जपून कोण ठेवणार?

लिलावघराच्या बाईंनी (चांदीतल्या जाणकार, नाव देत नाही) पॉट हातात घेतला, झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि काहीही बोलायच्या आधी त्यावर तोंडाची वाफ सोडली, आपण चष्म्यावर सोडतो तशी. मग मला जवळ बोलावून पुन्हा सोडली. वाफ बसते आणि उडते त्या दोन सेकंदांत चांदीचा पृष्ठभाग बोलतो. जिथे डाख लावलाय तिथे रंग वेगळा उठतो. तोटीच्या मुळाशी एक करडी कड उमटली. तेवढी अपेक्षा होती. पण झाकणाच्या बिजागरीपाशी, कानाच्या वरच्या टोकाला, नखाएवढा आणखी एक डाग उमटून गेला. तिथे काहीतरी होतं आणि ते कापून काढलं होतं. "अंगठ्याचा खटका," त्या म्हणाल्या. भांडं एका हाताने धरायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने झाकण उघडायचं, त्यासाठीचा. कॉफीपॉटला त्याचं काम नाही. बिअरच्या टँकार्डला, म्हणजे झाकण आणि कान असलेल्या मोठ्या पेल्याला, आहे.

मग त्यांनी एकेक दाखवत नेलं. कान पोकळ होता, आणि त्याच्या खालच्या टोकाला एक बारीक चीर. पोकळ कान डाख लावून जोडताना आतली तापलेली हवा निघून जायला ही वाट ठेवतात. चकत्यांपाशी कान करवतीने कापून त्या मध्ये बसवल्या होत्या, कारण मुळात हा कान थंड बिअरसाठी केलेला. तोटीमागे भांड्याच्या भिंतीला भोकं पाडून गाळणी केली होती, आणि त्या भोकांच्या कडा आतून अजून हाताला लागत होत्या. अस्सल कामात कारागीर त्या साफ करतो. गुलाबाची एक पाकळी बुडाजवळ उतरली होती आणि तिचा ठोका कुटुंबचिन्हाच्या अर्धवट पुसलेल्या ढालीवरून गेला होता. म्हणजे नक्षी मागाहूनची. झाकणावरचा गोंडाही. त्यांचा अंदाज १८४० ते १८७० मधल्या कामाचा.

मला वाईट वाटायला हवं होतं, कारण किंमत तिथेच खाली आली. पण मला उलटंच वाटलं. सतराव्या-अठराव्या शतकातला इंग्रज सकाळी काय पीत असे? हलकी बिअर, किंवा एल नावाची तिचीच बहीण. सतराव्या शतकाच्या मध्यात जेम्स हॉवेल नावाच्या लेखकाने लिहून ठेवलं आहे की पूर्वी कारकून आणि उमेदवार सकाळी एल किंवा वाइन घेत आणि डोकं जड होऊन कामाला निकामी होत. आता ते कॉफी घेतात आणि शुद्धीत राहतात. बदल एका रात्रीत झाला नाही. टँकार्ड शंभर वर्षं टिकले, १७४५ मध्येही कुणीतरी हौसेने चांदीचा करवून घेतलाच. मधल्या काळात कॉफीलाच चहाने मागे टाकलं. कंपनीचं भलं चीनच्या चहात होतं, आणि १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आल्यावर प्रश्नच मिटला. कॉफी परत आली ती एकोणिसाव्या शतकात, तिच्यावरचे कर उतरले तेव्हा. वेस्ट इंडीज आणि सिलोनची कॉफी आली, लंडनच्या रस्त्यांवर कामगारांसाठी कॉफीच्या गाड्या लागल्या. त्यातच दारूबंदीवाल्यांची चळवळ उभी राहिली, दारूच्या गुत्त्याला पर्याय म्हणून त्यांनी कॉफीची दुकानं थाटली. आणि घरोघरी कपाटात आजोबांचे, पणजोबांचे टँकार्ड पडून. चांगल्या घरात जेवणाच्या टेबलावर बिअर आता शोभत नव्हती. पण चांदी मोडायची कशी? तोटी लावा, कॉफीपॉट करा. असे कितीतरी केले गेले. संग्राहक त्यांना बिघडवलेले म्हणतात. मला विचाराल तर कॉफीचा इंग्लंडमधला इतिहास कोऱ्या, निर्दोष पॉटपेक्षा याच भांड्यात जास्त आहे.

काकांच्या पेशंट बाई मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या होत्या, घरात दारूचा थेंब नसे, असं मावशी सांगते. तोटी त्यांच्याच घराण्यात लागली का, याला काही पुरावा नाही. पण मावशीने ते ठरवून टाकलं आहे आणि मी खोडत नाही.

सेंट मायकेल्स अ‍ॅलीत, रोझेच्या कॉफीहाउसच्या जागी, आज पब आहे.

पुढचा भाग कायद्याचा. १८४४ च्या कायद्याने छाप मारलेल्या चांदीत कस न लावता भर घालणं गुन्हा ठरवलं होतं. मावशीच्या पॉटची तोटी त्या कायद्यानंतरची असेल तर ती तेव्हाच बेकायदा. आज १९७३ चा हॉलमार्किंग कायदा लागू आहे, आणि व्यापारात असा बदललेला नग तसाच विकता येत नाही. लिलावघराने तो लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, कस लावून छाप मारणाऱ्या अ‍ॅसे ऑफिसकडे पाठवला. तिथे जुन्या चांदीसाठी जाणकारांची एक समिती बसते, आणि ती वर्षातून ठराविक वेळाच बसते, त्यामुळे मावशीचे फोन सुरू झाले. "त्यांनी वितळवला तर नाही ना?" समिती डोळ्याने बघते, आणि क्ष-किरणांच्या यंत्राने धातूही तपासते: जुन्या चांदीत सोन्याशिशाचे अंश राहिलेले असतात, नंतरच्या चांदीत ते बरेच कमी. अंग आणि कान एकाच चांदीचे, तोटी आणि गोंडा वेगळ्या चांदीचे, असं निघालं. नशीब एवढंच की तोटीही स्टर्लिंगच्या कसाला उतरली. ती हिणकस निघाली असती तर तिच्यावर छापच मारता आला नसता.

आता दोन वाटा. तोटी काढून, भोकं बुजवून पुन्हा टँकार्ड करायचा, किंवा नव्या भागांवर आजचे छाप मारून जसा आहे तसा विकायचा. लिलावघराचा कल पहिल्याकडे होता. मावशीने फोनवर विचारलं, "म्हणजे पुन्हा बिअरचा करायचा? तुझ्या काकांचा?" झालं, निकाल लागला. तोटीवर आणि गोंड्यावर आजचे छाप मारले. एकाच भांड्यावर आता लंडनचे दोन बिबटे आहेत, बुडाशी मुकुटवाला आणि तोटीच्या मुळाशी बिनमुकुटाचा.

कानातल्या चकत्या हस्तिदंती निघाल्या, म्हणजे आणखी एक कागद. २०२२ च्या जूनपासून इथे हस्तिदंताची विक्री जवळपास बंद आहे. १९४७ पूर्वीची वस्तू असेल आणि हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल तर सरकारदरबारी नोंदणी करून विकता येते. ती मीच ऑनलाइन केली. फोटो, मापं, पुरावा. पॉट पुण्याला भाचीकडे पाठवायचा विचार मावशीच्या डोक्यात मध्येच आला होता, तो या चकत्यांमुळेच मी हाणून पाडला. वन्यजीव कायदा, कस्टम्स, कोण निस्तरणार?

कॅटलॉगमध्ये नोंद आली ती अशी: राजा दुसऱ्या जॉर्जच्या काळातला टँकार्ड, नंतर कॉफीपॉटमध्ये रूपांतर, भर घातलेल्या भागांवर स्वतंत्र छाप. अस्सल कॉफीपॉट असता तर मिळाली असती त्याच्या निम्मीही रक्कम आली नाही, पण गावातल्या त्या दुकानदाराने सांगितलेल्या आकड्याच्या तिप्पट आली, आणि मावशीच्या लेखी हिशेब तेवढाच. घेणाऱ्याने तो वापरायला घेतलाय, असं लिलावघराच्या बाई म्हणाल्या.

मावशीच्या नव्या इमारतीतल्या एका आजींकडे चांदीचा टीसेट आहे म्हणे, आणि मी तो "फक्त एकदा" बघायचा आहे. फोटो आलेत. बुडावर सिंह नाही, बिबट्या नाही, फक्त ई-पी-एन-एस अशी चार अक्षरं. निकेल सिल्व्हर या, नावातच चांदी असलेल्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा, एल्किंग्टनने १८४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये पेटंट घेऊन घरोघरी पोचवलेला. आजींना हे कसं सांगायचं, ते मावशीने माझ्यावर सोपवलं आहे.